परत मागितलेलं स्वप्न

माझ्या संशोधनाचा विषय कोणी विचारला की मी अजूनही थोडी अडखळते. समाजशास्त्र शिकवणारी बाई म्हणजे जात, कुटुंब, शहर असं काहीतरी सांगेल, अशी समोरच्याची अपेक्षा असते. तसं सांगून वेळ मारून नेताही येते, आणि बँकेत किंवा लग्नाच्या पंगतीत मी तेच करते. खरं उत्तर असं आहे की मी लोकांची स्वप्नं लिहून घेते. झोपेत पडतात ती. ज्यांचं आयुष्यभराचं काम बंद पडलं, त्यांना डोळे मिटल्यावर काय दिसतं, हे विचारत मी कळवा ते आंबिवली हिंडत आले आहे. त्यात माझी वीसेक वर्षं गेली.

सुरुवात ठरवून झाली नाही. पीएच.डी.ला नाव नोंदवलं तेव्हा माझा विषय अगदी शहाणासुरता होता. खाडीकाठची मिठागरं बंद झाल्यावर तिथल्या जुन्या कुटुंबांचं काय झालं, एवढंच मला शोधायचं होतं. माझे मार्गदर्शक पुण्याकडचे, मोजकं बोलणारे, विद्यार्थ्यांनाही अहो-जाहो करणारे. त्यांनी माझी प्रश्नावली तीनदा दुरुस्त केली आणि म्हणाले, "आता जा. जे विचारायचंय ते विचारा, आणि जे विचारलं नाही तेही ऐका."

मी कळव्याच्या पलीकडे खाडीला लागून असलेल्या एका गावात जायला लागले. गाव म्हणजे नावापुरतं. एका बाजूला तिवरांचं हिरवं रान, त्याच्या कडेने चिखलाचा जुना बांध, आणि बांधाच्या अलीकडे लगेच सात-सात मजली इमारती. दुपारी तिथे एक विचित्र पांढरा उजेड पडायचा. खाडीचं पाणी ओसरलेलं असायचं, ओल्या गाळावर ऊन चकाकायचं, आणि इमारतींच्या काचांवरून तेच ऊन परत खाली यायचं. त्या उजेडात चालताना मला नेहमी वाटायचं की आपण थोड्या उशिरा आलोय. इथे काहीतरी होतं, ते नुकतंच कोणीतरी उचलून आत नेलंय.

अशाच एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर मला आजी भेटल्या. जमीन त्यांच्या घरची, इमारत त्यांच्या मुलांनी बांधून घेतलेली, खालच्या दुकानांची भाडी त्यांच्याच घरात येणारी. पण आजी सोफ्यावर बसत नसत. गॅलरीत लादीवर चटई टाकून, आखूड लुगड्यात, पाय लांब करून त्या सुका जवळा निवडत बसायच्या. पावलांच्या कडा दगडासारख्या झालेल्या. पंधराव्या वर्षी लग्न होऊन आल्यापासून नातवंडं होईपर्यंत त्यांनी मिठाच्या वाफ्यांत काम केलं होतं.

मी प्रश्नावली काढली तशी त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"कनची गो तू?"

मी आंबिवलीची, म्हणाले. वडील तिथल्या कारखान्यात होते, आम्ही कारखान्याच्या वसाहतीत वाढलो. त्यांना गाव नव्हे, जात विचारायची होती, हे मला कळत होतं. म्हणून पुढचंही सांगितलं, की आम्ही बौद्ध आहोत.

आजींचा हात जवळ्यात तसाच राहिला. मग त्या म्हणाल्या, "तुमच्या बाया यायच्या आमच्या बांधावर. चिखल वाहायला. आमी त्यांना पानी वरून वतायचो. वंजळीत."

त्यात माफी नव्हती आणि तोराही नव्हता. घडलेलं सांगावं तसं त्यांनी सांगितलं. उठून जावं की बसावं, हे मला ठरवता येईना. तेवढ्यात त्यांची सून चहा घेऊन आली. घरातल्यांच्याच कपांतला एक कप तिने माझ्यापुढे ठेवला आणि आजींनी स्वतःच्या हाताने तो माझ्याकडे सरकवला. मी बसले.

माझी प्रश्नावली मात्र पहिल्याच पानावर अडली. किती वाफे होते, किती माणसं होती, कोणत्या सालापर्यंत काम चाललं, काहीही विचारलं तरी आजी मान हलवायच्या.

"मना आठवत नाय. आठवत नाय, पन दिसतं."

"म्हणजे?"

"सपनात दिसतं. परवा परत मीठ धरलं. हितंच, या लाद्यांवर. पांढरं पांढरं वर येतंय. मी सुनंला हाक मारतंय, फावडं आन गो लवकर! तं ती येते नि पोछा मारते. सगलं मीठ पुसलं तिनं." हे सांगताना त्यांच्या आवाजात सुनेवरचा खरा राग होता. आतून सून ओरडली, "आई, स्वप्नातलं भांडण पण माझ्याच नावावर का?" आणि आम्ही तिघी हसलो.

त्या दिवशी घरी येऊन मी प्रश्नावलीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ते स्वप्न लिहून काढलं. माझ्या संशोधनातली ती पहिली खरी नोंद.

पुढचं दीड वर्ष मी दर मंगळवारी जात राहिले. मंगळवारी आजींचे मुलगे कामाला बाहेर असत, घर शांत असे. लिफ्टची घरघर, खालच्या पिठाच्या गिरणीचा आवाज, गॅलरीतून येणारा खारा वारा. आजी सांगायच्या आणि मी लिहायचे. कधी स्वप्नात खाडीचं पाणी जिन्याने चढून यायचं आणि दाराशी चपला काढून उभं राहायचं. कधी त्या सगळ्या इमारतीतून वाफे शोधत फिरायच्या आणि तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूंच्या न्हाणीघरात त्यांना एक सापडायचा, काठोकाठ भरलेला. बोलता बोलता त्यांचा डोळा लागायचा. मी वही मिटून तशीच बसायचे. एकदा मलाही डुलकी लागली, आणि जागी झाले तेव्हा नुकतं लिहिलेलं स्वप्न त्यांनी सांगितलेलं की मला पडलेलं, हेच कळेना. वहीत पाहिलं तर अक्षर माझंच होतं. त्यावरून काहीच ठरत नव्हतं.

गावातल्या इतर म्हाताऱ्या माणसांनाही मी विचारायला लागले. बहुतेक आधी हसायचे, मग सांगायचे. ज्यांनी जमीन विकून गाड्या घेतल्या, बंगले बांधले, त्यांच्याही झोपेत बांध फुटायचा आणि ते चिखल घेऊन धावायचे. मार्गदर्शकांना मी हे बिचकत बिचकत दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "अहो, हा तुमचा विषय आहे. बाकीचं कोणीही करील."

विभागातल्या सगळ्यांचं असं मत नव्हतं. एका चर्चासत्रात एक प्राध्यापिका म्हणाल्या, स्वप्न ही माहिती कशी होऊ शकते? पडताळणार कशी? मागून कोणीतरी म्हणालं, मॅडमना उशी घेऊन फील्डवर्कला पाठवा. हशा झाला. मीही हसले, पण कान तापले होते.

घरी वडिलांना मी विषय नीट सांगितलाच नव्हता. त्यांचा कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली होती. वसाहत अर्धी रिकामी, भिंतींतून पिंपळ उगवलेले. वडिलांनी त्यावर कधी एक अक्षर काढलं नाही. रोज पेपर वाचायचे, विहारात जायचे, गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायचे. त्या चर्चासत्रानंतरच्या रविवारी मी घरी गेले होते. चिडून आईला सगळं सांगत होते आणि पेपर वाचणारे वडील ऐकत होते. पेपर खाली न करता ते म्हणाले, "मला भोंगा ऐकू येतो."

"कसला भोंगा?"

"कारखान्याचा. पहिल्या पाळीचा. मी डबा घेऊन निघतो. सगळे रस्ते तेच आहेत, पण गेट सापडत नाही. लोकांना विचारतो तर लोक म्हणतात, कोणता कारखाना?"

आई स्वयंपाकघराच्या दारात थिजून उभी होती. चाळीस वर्षांच्या संसारात तिने हे ऐकलं नव्हतं. वडिलांनी पान उलटलं. "लिहायचं असेल तर लिही," म्हणाले. मी लिहिलं नाही. तेव्हा हात उचलला नाही.

त्या हिवाळ्यात आजींनी मला त्यांचं सगळ्यात मोठं स्वप्न सांगितलं. मोठं म्हणजे लांबीने नव्हे. ते त्यांना वर्षानुवर्षं पडत होतं आणि त्यांनी ते कोणालाच सांगितलं नव्हतं. त्यात एक माणूस होता. तो कोण, तिथे काय घडायचं, हे मी इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते की मिठागर, जमीन, जात, बाई, पुरुष, जे जे मी प्रबंधात मांडू पाहत होते, ते सगळं त्या एका स्वप्नात होतं आणि कुठेही जोड दिसत नव्हता. बाहेर आले तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते. बांधावरून चालत स्टेशनला जाताना मी ते मनातल्या मनात पुन्हा पुन्हा म्हणत होते, एक शब्द सांडू नये म्हणून.

मी त्यावर एक पूर्ण प्रकरण लिहिलं. मार्गदर्शकांनी वाचलं आणि पहिल्यांदाच मला फोन केला. "हे उत्तम आहे," म्हणाले. एवढंच. त्यांच्याकडून एवढं म्हणजे फारच झालं. ज्या प्राध्यापिकांनी आक्षेप घेतला होता, त्यांनीही ते वाचून मला जिन्यात थांबवलं आणि म्हणाल्या, "मला पटलं."

प्रबंध देण्याआधी आजींना त्यांचा भाग वाचून दाखवायचा, असं मी ठरवलं होतं. नियमाने एवढं बंधन नव्हतं. सुरुवातीलाच मी त्यांचा संमतीचा अंगठा घेतलेला होता, कागद फाइलमध्ये होता. पण मला वाचून दाखवायचं होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्यांच्याकडूनही शाबासकी हवी होती.

मंगळवारीच गेले. सून बाजारात गेली होती. मी इंग्रजीतून मराठी करत करत वाचत होते आणि आजी डोळे मिटून ऐकत होत्या. मध्येच एक-दोन दुरुस्त्या केल्या. मीठ खळखळत नाय, सरसरतं, म्हणाल्या. मग ते स्वप्न आलं. मी वाचून संपवलं. खाली गिरणी चालू होती.

"ह्ये काढ," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, नाव कळेल म्हणून घाबरल्या. मी समजावलं, की आजी, तुमचं नाव नाही, गावाचं नाही, कोणालाच कळणार नाही.

"मना म्हायत हाय. पन तो हाय ना त्यात."

"त्याचंही नाव नाही."

"नाव नसंल. तो हाय." त्यांनी डोळे उघडले. "तू माझा अंगठा घेतलास. त्याचा घेतलास काय?"

मी म्हणाले, तो माणूस तर कधीच गेला. तुम्हीच सांगितलंत.

"मंग त्याला इचारता येनार नाय. मंग काढ."

मी खूप बोलले. प्रबंध म्हणजे काय, तो किती थोडे लोक वाचतात, हे प्रकरण किती मोलाचं आहे. बोलता बोलता माझा आवाज चढला, हे मला नंतर जाणवलं. आजींनी माझा हात धरला. त्यांचा तळवा खरखरीत आणि गार होता. त्या म्हणाल्या, "बाय, मी तुना सांगितलं कारन मना हलकं व्हायचं होतं. तू हलकी झालीस काय लिवून? मंग बास झालं."

त्या आठवड्यात मी धड जेवले नाही. मार्गदर्शकांकडे गेले. त्यांना वाटलं मी सही घ्यायला आले. मी सांगितलं की ते प्रकरण काढते आहे.

"अहो, प्रबंधाचा कणाच काढून टाकताय तुम्ही. संमती आहे ना तुमच्याकडे?"

"आहे सर. कागदावर आहे."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "मला हे अजिबात आवडलेलं नाही. पण मी तुमच्या जागी असतो तर काढलं असतं की नाही, हे मला स्वतःला विचारायचं धाडस होत नाहीये. काढा."

प्रकरण काढल्यावर प्रबंध कोसळलाच. मधोमध एवढी मोकळी जागा पडली की बाकीची प्रकरणं एकमेकांकडे बघेनाशी झाली. मुदतवाढ घ्यावी लागली. माझ्याबरोबरची दोघं नोकरीला लागली आणि मी पुन्हा वही घेऊन कळव्यात उतरायला लागले. या वेळी कोणाकडे जायचं हे मला कळत नव्हतं. एका दुपारी बांधावर उभी असताना आजींचं पहिल्या दिवशीचं वाक्य डोक्यात आलं, चिखल वाहायला येणाऱ्या बायांचं. दीड वर्ष मी या बांधावरून चालत होते आणि तो बांध ज्यांनी डोक्यावरून वाहून आणला, त्यांच्यापैकी एकीलाही मी भेटले नव्हते. माझ्याच समाजातल्या बाया. मला लाज वाटली.

शोधत शोधत कळव्यातल्या एका चाळीत पोचले. तिथे एक मावशी भेटल्या. आयुष्यभर रोजंदारी केलेल्या, आता नातीला शाळेत पोचवण्याचं काम करणाऱ्या. मी स्वप्नांचं विचारलं तर त्या फसकन हसल्या.

"आम्हाला कुठली स्वप्नं? पाठ टेकली की मेलं माणूस."

पण तिसऱ्या भेटीत त्यांनी सांगितलं. त्यांच्या स्वप्नात मीठ कधीच नसायचं. पाणीही नसायचं. नुसता बांध, लांबच लांब, आणि डोक्यावर ओला चिखल. त्या चालत असायच्या. बांध संपतच नसे. "आणि गंमत सांगू का? मला दम लागत नाही गं. डोक्यावरचं जडच वाटत नाही. उलट वाटतं, संपूच नये. आजूबाजूला सगळं धुकं, आणि आपण आपल्या चाललोय. कोणी हाक मारत नाही."

त्या चाळीत आणि पलीकडच्या दोन वस्त्यांमध्ये मी दहा महिने काढले. मालकांच्या घरी मीठ दिसायचं, मजूर बायांना वाट दिसायची. एकाच जागेवरची दोन स्वप्नं, आणि दोन्हींना एकमेकांची खबर नव्हती. माझा प्रबंध शेवटी त्यावर उभा राहिला. आधीपेक्षा चांगला झाला असं काही मी म्हणणार नाही. काढलेलं प्रकरण मला अजूनही आठवतं, शब्द न् शब्द. पण या प्रबंधात न विचारता घेतलेलं काही नव्हतं.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, या मधल्या भागात काहीतरी वगळल्यासारखं वाटतं, बरोबर आहे का? मी हो म्हणाले. का? असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, ज्यांचं होतं त्यांनी परत मागितलं. मार्गदर्शक खाली बघून कागद जुळवत होते. परीक्षकांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न घेतला.

त्यानंतर डोंबिवलीत कॉलेजात नोकरी लागली. कोपरला घर घेतलं. लग्न, मुलगी, पेपर तपासणं, समित्या. मुलांना संशोधनपद्धती शिकवताना संमतीपत्रकाचा तास आला की मी जरा जास्त वेळ घेते आणि मुलं घड्याळाकडे बघतात. वडिलांचं स्वप्न मी शेवटी त्यांना विचारून माझ्या पुस्तकात घेतलं. ते छापून आल्यावर त्यांनी फक्त तेवढं पान वाचलं आणि एक चूक काढली. भोंगा पहिल्या पाळीचा होता, मी दुसऱ्या पाळीचा लिहिला होता.

आजींकडे जाणं पुढे कमी होत गेलं. वर्षातून दोनदा, मग एकदा. शेवटी शेवटी त्या मला ओळखायच्या नाहीत, पण हात हातात घेऊन बसायच्या. एकदा म्हणाल्या, "तू काल मीठ वढत व्हतीस ना आमच्याकडं? चांगलं वढतंस." मी हो म्हणाले. त्यांच्या झोपेत मला वाफ्यात जागा मिळाली होती, आणि ती कोणी वरून ओतलेल्या पाण्यासारखी नव्हती.

त्या गेल्याचं मला सुनेने फोन करून सांगितलं. दिवसकार्य झाल्यावर मी भेटायला गेले. घर तेच, गॅलरीतली चटई मात्र उचललेली. सुनेचेही केस आता पांढरे झाले होते. चहा ठेवून ती समोर बसली, आणि जरा वेळाने म्हणाली, "मॅडम, एक विचारू? आईंनी तुम्हाला एक स्वप्न सांगितलेलं. त्या दिवशी मी आत होते. अर्धं ऐकलेलं मी. उरलेलं काय होतं?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिने त्या बाईची तीस वर्षं सेवा केली होती. तिचा हक्क माझ्यापेक्षा मोठा होता, यात शंकाच नव्हती. तरी मी म्हणाले, "मला नाही सांगता येणार."

तिला राग आला. तो तिच्या ओठांवर दिसला. मग हळूहळू ओसरला. पदराने तिने टेबलावरचा नसलेला डाग पुसला. "इतकी वर्षं येत होतात," ती म्हणाली, "पण मला कधी विचारलं नाही तुम्ही. मला काय पडतं ते."

खरं होतं ते. ती चहा आणायची, आतून बोलायची, आम्हाला हसवायची. वहीत ती फक्त दुसऱ्यांच्या स्वप्नात पोछा मारताना आली होती.

"आता विचारते," मी म्हणाले.

"आमची बिल्डिंग असते," ती सांगायला लागली. "पण कोणी नसतं. कोणीच नाही. सगळ्या फ्लॅटची दारं उघडी. मी अनवाणी फिरते, वरून खाली, खालून वर. लाद्या मस्त गार लागतात. प्रत्येक घरात जाऊन मी खिडकी उघडते. बाहेर सगळीकडे पाणी, एकदम शांत. मला भूक नसते, कोणाला भूक नसते. खूप बरं वाटतं हो. इतकं, की उठल्यावर वाईट वाटतं, सगळे घरात दिसले म्हणून." आणि ती घाबरून माझ्याकडे बघायला लागली. "हे चुकीचं आहे का?"

"नाही," मी म्हणाले.

मी वही काढली. लिहू का, असं विचारलं. ती थोडा विचार करून म्हणाली, लिहा, पण आधी चहा घ्या, गार होतोय. त्या दुपारपासून मी या इमारतींमध्ये लग्न होऊन आलेल्या बायकांची स्वप्नं लिहून घेते आहे. तिने मला तिच्या दोन जावांकडे नेलं, त्यांनी त्यांच्या मैत्रिणींकडे. आता मी मंगळवारी परत तिकडे जाते. बहुतेकींना आधी वाटतं की सांगण्यासारखं काही नाही. मग त्या गॅस बारीक करतात, दार लोटून घेतात आणि बसतात.